काळ्या दगडात सोडियमच्या जागी कॅल्शियम कसं बसतं? समजून घ्या अणूंच्या आकाराचं गणित

बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर घाटनांदूर आहे. परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. या भागात रुळांखालची खडी काळी, विहीर खणताना लागणारा दगड काळा आणि शेतातली मातीही काळीच. हे सगळं एकाच घराण्यातलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेला लाव्हा थरावर थर साचत थंड झाला आणि त्याचा हा बेसाल्ट खडक झाला. पुढे त्याच खडकाची झीज होऊन काळी माती तयार झाली.

या दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पांढुरक्या काड्यांसारखं एक खनिज दिसतं. त्याचं नाव प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. या खनिजात काही जागा अशा आहेत, जिथे कुठे सोडियम बसलेलं असतं, तर कुठे कॅल्शियम.

आता दहावीच्या पुस्तकातली आवर्तसारणी आठवा. सोडियम तिसऱ्या आवर्तात आणि पहिल्या गणात. कॅल्शियम चौथ्या आवर्तात आणि दुसऱ्या गणात. ना एक रांग, ना एक स्तंभ. मग एकाच्या जागेवर दुसरं इतकं सहज कसं बसतं?

कारण दोघांचं माप जुळतं. अणूचं माप कसं ठरतं हे एकदा कळलं, की दगडापासून दागिन्यापर्यंत आणि शेतातल्या पालाशपासून हातपंपाच्या पाण्यापर्यंत बऱ्याच गोष्टी उलगडतात.

अणू मोजतात तरी कसा?

अणूला लिंबासारखी साल नसते. मध्ये केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉनचा ढग. हा ढग बाहेर जाता जाता विरळ होत जातो, त्यामुळे 'इथे अणू संपला' अशी रेघ ओढता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ वेगळी युक्ती वापरतात. एकमेकांना जोडलेले दोन सारखे अणू घ्यायचे, त्यांच्या केंद्रकांमधलं अंतर मोजायचं आणि ते निम्मं करायचं. ही झाली अणुत्रिज्या. हायड्रोजनच्या रेणूत दोन केंद्रकांमध्ये ७४ पिकोमीटर अंतर असतं, म्हणून हायड्रोजनची त्रिज्या ३७ पिकोमीटर. धातूंच्या बाबतीत स्फटिकात शेजारी शेजारी असलेल्या दोन अणूंमधलं अंतर घेतात.

पिकोमीटर म्हणजे किती? एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत कार्बनचे अणू ओळीने मांडले, तर साधारण पाच लाख अणू मावतील.

डावीकडून उजवीकडे: अणू आकसतो

दुसऱ्या आवर्तातली सहा मूलद्रव्यं घेऊ. त्रिज्या पिकोमीटरमध्ये आहे:

लिथियम: १५२
बेरिलियम: १११
बोरॉन: ८८
कार्बन: ७७
नायट्रोजन: ७४
ऑक्सिजन: ६६

लिथियममध्ये ३ इलेक्ट्रॉन आहेत आणि ऑक्सिजनमध्ये ८. माल वाढला तर पोतं फुगायला हवं. इथे मात्र ते निम्म्याहून लहान झालं.

हे समजायला गावातलं कीर्तन डोळ्यांसमोर आणा. मध्ये बुवा उभे आहेत आणि त्यांच्याभोवती लोक रांगा करून बसले आहेत. बुवांचा आवाज म्हणजे केंद्रकातल्या धनप्रभारित प्रोटॉनची ओढ. मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज किती पोहोचणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. बुवांचा आवाज किती मोठा आहे आणि मध्ये किती रांगा बसल्या आहेत.

लिथियमपासून ऑक्सिजनपर्यंत जाताना दर पावलाला केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, म्हणजे आवाज वाढत जातो. नवा इलेक्ट्रॉनही येतो, पण तो बाहेरच्या त्याच रांगेत बसतो. मधली रांग दोन इलेक्ट्रॉनचीच राहते. एकाच रांगेत शेजारी बसलेली माणसं एकमेकांचा आवाज फारसा अडवत नाहीत.

ढोबळ हिशेब असा. लिथियममध्ये ३ प्रोटॉन आहेत आणि आतल्या २ इलेक्ट्रॉननी त्यांची ओढ झाकली, तर बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारी ओढ साधारण १. ऑक्सिजनमध्ये ८ प्रोटॉन, आतले इलेक्ट्रॉन तेवढेच २, म्हणजे ओढ साधारण ६. प्रत्यक्षात शेजारचे इलेक्ट्रॉनही थोडं झाकतात, त्यामुळे खरा आकडा याहून कमी भरतो. पण दिशा तीच राहते. ओढ वाढली, ढग आत खेचला गेला, अणू लहान झाला.

कीर्तनाचं उदाहरण एवढ्यापुरतंच आहे. इलेक्ट्रॉन सतरंजीवर मांडी घालून बसत नाही, तो ढगासारखा पसरलेला असतो.

वरून खाली: अणू वाढतो

आता पहिला गण घेऊ:

लिथियम: १५२
सोडियम: १८६
पोटॅशियम: २३१
रुबिडियम: २४४
सीझियम: २६२

इथे खाली जाताना प्रोटॉन तर भरमसाट वाढतात. सोडियममध्ये ११ असतात आणि सीझियममध्ये ५५. तरी अणू मोठाच होत जातो. कारण दर पायरीला एक नवं कवच येतं, म्हणजे मांडवात एक नवी रांग बसते. सोडियमच्या ११ प्रोटॉनपैकी १० ची ओढ आतले १० इलेक्ट्रॉन झाकतात. पोटॅशियममध्ये १९ पैकी १८ झाकली जाते. बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ढोबळमानाने दोन्हीकडे सारखीच ओढ येते, पण पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन एक रांग मागे बसलेला असतो.

म्हणूनच पोटॅशियम आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडियमपेक्षा लवकर सोडतं आणि पाण्यात टाकल्यावर जास्त जोरात पेटतं.

आकडे नीट पाहिलेत का? सोडियम ते पोटॅशियम ४५ ची उडी आहे आणि पोटॅशियम ते रुबिडियम फक्त १३ ची. मध्ये काय झालं? चौथ्या आवर्तात स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा धातू मध्ये घुसतात. त्यांचे नवे इलेक्ट्रॉन बाहेर न जाता आतल्या कवचात भरले जातात आणि हे इलेक्ट्रॉन ओढ झाकण्यात कच्चे असतात. त्यामुळे या दहांच्या पुढे येणाऱ्या अणूंवर जास्तीची ओढ राहते. गॅलियममध्ये तर हिशेब उलटाच होतो. ते ॲल्युमिनियमच्या खाली आहे, तरी त्याची त्रिज्या १३५ आणि ॲल्युमिनियमची १४३. 'खाली गेलं की अणू मोठा' हा नियम बहुतेक वेळा चालतो, पण त्यामागची ओढाताण माहीत असेल तरच अपवाद कळतो.

अणूचा आयन झाला की माप बदलतं

दगडात, मातीत आणि पाण्यात सोडियम धातूच्या रूपात नसतं. त्याने बाहेरचा इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो, म्हणजे त्याचा धन आयन झालेला असतो. बाहेरची रांग उठून गेली की मांडव लहान होणारच. सोडियमचा अणू १८६ पिकोमीटर, पण आयन साधारण १०२. उलट, इलेक्ट्रॉन घेतला की आकार फुगतो. क्लोरीनचा अणू ९९, तर क्लोराइड आयन १८१. म्हणजे मिठाच्या खड्यात धातू असलेलं सोडियम लहान असतं आणि क्लोरीन मोठं.

आता आपलं कोडं सुटतं. सोडियमकडून कॅल्शियमकडे जायला आवर्तसारणीत एक घर खाली आणि एक घर उजवीकडे जावं लागतं. खाली गेल्याने आकार वाढतो, उजवीकडे गेल्याने घटतो. शिवाय कॅल्शियम एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन देतं, त्यामुळे उरलेल्या इलेक्ट्रॉनवर ओढ आणखी घट्ट होते. वाढ आणि घट एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. सोडियमचा आयन १०२ पिकोमीटर आणि कॅल्शियमचा १००. फरक अवघा दोन टक्क्यांचा.

लिथियम आणि मॅग्नेशियमचंही तसंच. एक घर खाली, एक घर उजवीकडे आणि आयन ७६ व ७२. यालाच कर्णसंबंध म्हणतात.

दगड माप बघून जागा देतो

१९२० च्या दशकात नॉर्वेमध्ये व्हिक्टर गोल्डश्मिट नावाचे शास्त्रज्ञ आयनांची मापं गोळा करत होते. आधुनिक भू-रसायनशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखलं जातं. त्यांनी एक साधा नियम मांडला. दोन आयनांच्या त्रिज्येत साधारण १५ टक्क्यांपर्यंत फरक असेल, तर खनिजात एक दुसऱ्याची जागा घेऊ शकतो. प्रभारात एकाचा फरक असला तरी चालतं, फक्त तो दुसरीकडे भरून निघायला हवा.

फेल्डस्पारमध्ये नेमकं हेच होतं. सोडियमवर एक धनप्रभार असतो आणि कॅल्शियमवर दोन. कॅल्शियम आलं की जवळच्या एका सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं. सिलिकॉनचा प्रभार चार, ॲल्युमिनियमचा तीन. एकीकडे एक वाढला, दुसरीकडे एक कमी झाला. जमाखर्च जुळला.

याच खडकात लोह आणि मॅग्नेशियमही एकमेकांच्या जागा घेतात, कारण त्यांचे आयन ७८ आणि ७२ आहेत. पोटॅशियमचं मात्र जमत नाही. त्याचा आयन १३८ चा, सोडियमपेक्षा सुमारे ३५ टक्के मोठा. लाव्हा थंड होताना सुरुवातीला जमणारे स्फटिक त्याला फारसं आत घेत नाहीत, ते उरलेल्या द्रवात राहतं. बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा पोटॅशियम कमी आढळतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

दगडात अडकलेलं कॅल्शियम पुढे आपल्या घरात येतं. खडक झिजतो, पाऊस मुरतो आणि कॅल्शियम विहिरीच्या पाण्यात उतरतं. साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर धरतो. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडेही याच कॅल्शियमचे.

शेतात टाकलेलं पालाश कुठे जातं?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कारण तिच्यातली चिकणमाती अतिशय पातळ पापुद्र्यांची बनलेली असते. वहीची पानं असावीत तसे हे पापुद्रे. त्यांच्यावर ऋणप्रभार असतो, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम असे धन आयन त्यांच्यामध्ये येऊन बसतात.

इथे मापाची आणखी एक गंमत आहे. पाण्यात प्रत्येक आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू गोळा करतो. आयन जितका लहान, तितका त्याचा प्रभार एकवटलेला आणि पाणी तितकंच घट्ट धरलेलं. म्हणजे नुसता आयन पाहिला तर सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, पण पाण्याचा अंगरखा घातल्यावर सोडियम मोठं दिसतं.

पोटॅशियमचा अंगरखा सैल असतो. ते तो सहज उतरवतं आणि पापुद्र्यांवर असलेल्या सहा कोनांच्या खळग्यांत जाऊन बसतं. या खळग्यांचं माप त्याला जवळजवळ नेमकं बसतं. मग दोन पापुद्रे वरून-खालून मिटतात आणि पोटॅशियम आत अडकतं. शेतकरी नत्र, स्फुरद आणि पालाश देतो, त्यातल्या पालाशचा काही भाग असा मातीत कोंडला जातो. तो वाया जात नाही, पण पिकाला लगेच मिळतही नाही. हळूहळू सुटतो. नत्र देणाऱ्या अमोनियम आयनाचं माप पोटॅशियमच्या जवळपासचं असल्यामुळे तोही याच खळग्यांत अडकू शकतो.

सोडियमची कहाणी उलटी आहे. मोठ्या अंगरख्यामुळे ते पापुद्र्यांना घट्ट धरून ठेवू शकत नाही. जमिनीत सोडियम वाढलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेतलेल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांना क्षारपड आणि चोपण हे शब्द चांगले माहीत आहेत. चोपण जमिनीवर जिप्सम टाकतात, कारण जिप्सममध्ये कॅल्शियम असतं. ते सोडियमला हटवतं आणि पाण्याचा चांगला निचरा असेल तर सोडियम धुऊन जातं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सोडियम आणि कॅल्शियमचं माप जवळपास एक असूनही मातीवर त्यांचा परिणाम वेगळा होतो, कारण कॅल्शियमचा प्रभार दुप्पट आहे. माप जुळलं की जागा मिळते, पण त्या जागेवर बसून कोण काय करणार हे प्रभारही ठरवतो.

सोन्यात चांदी इतकी सहज का मिसळते?

तांबं, चांदी आणि सोनं आवर्तसारणीत एकाखाली एक आहेत. त्रिज्या बघा. तांबं १२८, चांदी १४४, सोनंही १४४. चांदीहून एक कवच जास्त असूनही सोनं वाढलेलं नाही.

याची दोन कारणं आहेत. चांदी आणि सोन्याच्या मध्ये सारणीत लँथॅनाइड नावाची मालिका येते. तिथे भरले जाणारे १४ इलेक्ट्रॉन ओढ झाकण्यात फारच कच्चे असतात. प्रोटॉन वाढत जातात, आडोसा तेवढा वाढत नाही आणि अणू आकसत जातो. दुसरं कारण आइनस्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतातलं. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त असतो. अशा वेगाला काही कवचं आणखी आत ओढली जातात. सोन्याचा पिवळा रंगही याच परिणामातून येतो.

माप आणि रचना जुळल्यामुळे सोनं आणि चांदी कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. तांबं लहान असल्यामुळे सोन्याच्या अणूंची रांग थोडी वाकडी होते. रांगा वाकड्या झाल्या की त्या एकमेकींवरून सहज घसरत नाहीत, म्हणजे धातू कडक होतो. २४ कॅरेटचं सोनं मऊ असतं. २२ कॅरेटमध्ये हजारात ९१६ भाग सोनं आणि बाकी बहुतेक चांदी-तांबं असतं. बांगडी वापरताना लवकर वाकत नाही, त्यात या मिश्रणाचा वाटा आहे.

तारापूरच्या अणुभट्टीलाही हाच प्रश्न

लँथॅनाइड मालिकेने आणखी एक जोडी जवळ आणली, झिर्कोनियम आणि हाफ्नियम. एकाखाली एक असूनही त्रिज्या १६० आणि १५९. इतके सारखे, की झिर्कोनियमच्या खनिजात हाफ्नियम कायम लपलेलं असतं. हाफ्नियम वेगळं ओळखायला १९२३ साल उजाडलं.

हा फक्त पुस्तकी प्रश्न नाही. आताच्या पालघर जिल्ह्यात असलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. अशा भट्ट्यांमध्ये युरेनियमचं इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. हाफ्नियम मात्र त्याच्या पाचशेपटीहून जास्त शोषतं. ते राहिलं तर साखळी प्रक्रियेला लागणारे न्यूट्रॉन गिळून टाकतं. मापाने आणि रासायनिक स्वभावाने जुळे असलेल्या या दोघांना वेगळं करणं हे अणुइंधन बनवण्यातलं एक अवघड काम आहे.

दात आणि हाडंही फसतात

आता यातली सर्वांत गंभीर गोष्ट. आपले दात आणि हाडं हायड्रॉक्सीॲपेटाइट या खनिजाची बनलेली असतात. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटबरोबर हायड्रॉक्सिल आयनासाठी जागा असते.

फ्लोरीनचा अणू आवर्तसारणीतल्या सर्वांत लहान अणूंपैकी आहे. पण एक इलेक्ट्रॉन घेऊन तो फ्लोराइड आयन झाला की त्याची त्रिज्या साधारण १३३ पिकोमीटर होते. हायड्रॉक्सिल आयनही जवळपास तेवढाच आणि प्रभारही दोघांवर एकच. म्हणजे माप जुळलं आणि प्रभारही जुळला. फ्लोराइड सरळ त्या जागेवर जाऊन बसतो.

थोडा बसला तर फायदा होतो, दाताचं वरचं कवच आम्लाला जास्त टिकतं. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असतं ते याचसाठी. पण पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड गेला, तर मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडं व सांधे आखडतात. याला फ्लोरोसिस म्हणतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांनी हा त्रास सोसला आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. या पाण्याला रंग, वास किंवा वेगळी चव नसते, त्यामुळे तपासणीशिवाय काही कळत नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढाच राहतो, म्हणजे प्रमाण वाढतं. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत विकसित केली, ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. आरओ यंत्रानेही तो कमी होतो.

तुमच्या घरी बोअरवेलचं पाणी प्यायलं जात असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत ते सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवालात फ्लोराइडचा आकडा आहे का, हे आवर्जून बघा.

मग परीक्षेत काय लिहायचं?

'आवर्तात डावीकडून उजवीकडे अणूचा आकार घटतो, गणात वरून खाली वाढतो' हे वाक्य पाठ करायला दोन मिनिटं लागतात आणि विसरायला त्याहून कमी. त्याऐवजी कोणताही अणू समोर आला की तीन प्रश्न विचारा:

१. बाहेरचा इलेक्ट्रॉन कितव्या कवचात आहे? कवच जितकं बाहेरचं, तितका अणू मोठा.

२. केंद्रकाची किती ओढ त्याच्यापर्यंत पोहोचते? ओढ जितकी जास्त, तितका अणू लहान.

३. त्याने इलेक्ट्रॉन दिला आहे की घेतला आहे? दिला असेल तर आकार घटतो, घेतला असेल तर वाढतो.

या तीन प्रश्नांतून कल सांगता येतो. गॅलियम आणि सोन्यासारखे अपवादही दुसऱ्या प्रश्नात सापडतात. आणि चौथा प्रश्न परीक्षेत येत नसला तरी विचारून ठेवा, याच मापाचं दुसरं कोण आहे? कारण मातीत, दागिन्यात किंवा हाडात मोकळी जागा असली, की त्या मापाचा जो जवळ असेल तो तिथे जाऊन बसू शकतो. मग तो आपल्याला हवा असो वा नसो.